फरदड

2018 चा डिसेंबर संपत आला होता. बाबांनी वावरातली पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटायला काढली तेव्हा ती अजून हिरवी होती. शेंड्यांना पात्या होत्या, मधूनच एखादं फूल होतं, खालच्या फांद्यांवर न फुटलेली बोंडं होती. विहिरीत पाणीही होतं. धुऱ्यावरून जाणारे शेजारचे काका थांबले. म्हणाले, "काहून हो, उभं पीक उपटून रायले?"

बाबांनी चिमट्यावरचा हात काढला नाही. "उभं हाये," ते म्हणाले. "पीक नाई आता ते."

पऱ्हाटी उपटायचा चिमटा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. लांब दांडा आणि खाली लोखंडी जबडा. बुंधा जबड्यात धरायचा, दांडा दाबायचा, की झाड मुळासकट वर येतं. येताना जमिनीतून जाडं कापड फाटल्यासारखा आवाज येतो. मी बोरीच्या सावलीत बसून तो आवाज ऐकत होते. चार दिवसांपूर्वी जिल्ह्याच्या कोर्टात माझा घटस्फोट झाला होता.

फरदड हा शब्द आमच्याकडे लहान पोरांनाही माहीत असतो. कापूसपट्ट्याबाहेर तो फारसा गेलेला नाही, म्हणून थोडं थांबून लिहिते. मृगाचा पाऊस झाला की सरकी टोबतात. पोळ्याच्या सुमारास पात्या-फुलं दिसू लागतात. कापसाचं फूल पहिल्या दिवशी दुधाळ पांढरं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं आणि मग गळतं. त्याच्या जागी बोंड धरतं. दसरा-दिवाळीकडे पहिली वेचणी, मग दुसरी, तिसरी. डिसेंबरपर्यंत झाडाचं देऊन झालेलं असतं. पण पऱ्हाटी अशी लगेच मरत नाही. ज्याच्याकडे ओलित आहे तो तिला आणखी एक पाणी देतो, थोडा युरिया टाकतो आणि ती पुन्हा पालवते. पुन्हा पात्या, पुन्हा बोंडं. मार्च-एप्रिलपर्यंत कापूस येत राहतो. बारक्या बोंडांचा, हलका, पण येतो. हंगाम सरल्यावर घेतलेल्या या पिकाला फरदड म्हणतात.

फरदड घेणाऱ्याला कोणी नावं ठेवू नयेत. पेरणीचा खर्च झालेला असतो, झाड समोर उभं असतं, एका पाण्याचा तर प्रश्न असतो. ज्या वर्षी मधला पाऊस दगा देतो आणि पहिल्या वेचण्या हाताला लागत नाहीत, त्या वर्षी फरदडीनंच घर चालतं. माझ्या कॉलेजची दुसऱ्या वर्षाची फी फरदडीच्या पैशानं भरली गेली. धाकट्या आत्याचं लग्नही त्यावरच उभं राहिलं. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात फरदड घेणारी मी आहे, आणि मला त्या बाईला मूर्ख म्हणायचं नाही.

बाबांनी फरदड सोडली ती 2017 नंतर. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं विदर्भातलं कापसाचं पीक पोखरून टाकलं. 2002 मध्ये बीटी कपाशी आली तेव्हा बोंडअळीचा धाक संपला असं सगळ्यांनाच वाटलं होतं. गुलाबी अळी हळूहळू त्या बियाण्यातल्या विषाला सरावली. ही अळी मोठी अवघड. बारीक असताना बोंडात शिरते, आणि तिनं पाडलेलं छिद्र मागाहून बुजून जातं. बोंड बाहेरून शाबूत, हिरवंगार, टणक. वेचणीच्या वेळी फुटतं तेव्हा आत किडकी, पिवळी पडलेली रुई. फुलात शिरली तर ती पाकळ्याच आतून जाळ्यानं बांधून टाकते. फूल उमलत नाही, गुलाबाच्या मिटल्या कळीसारखं दिसतं. त्याला डोमकळी म्हणतात. दिसायला इतकी सुंदर की लहानपणी आम्ही त्या तोडून केसात खोवायचो.

ही अळी जगते मुख्यतः कापसावर. एप्रिलपर्यंत वावरात पऱ्हाटी उभी ठेवली, तर तिला तेवढे महिने घर मिळतं, आणि पुढच्या मृगात नवी सरकी उगवते तेव्हा ती बांधावर हजर असते. म्हणून कृषी विभागाची माणसं गावोगाव सांगत हिंडली: फरदड घेऊ नका, डिसेंबरअखेर पीक काढून टाका, पऱ्हाट्यांचे ढीग धुऱ्यावर रचून ठेवू नका, मधले काही महिने वावरात कापसाचं एक पानही दिसू देऊ नका. बाबा ग्रामपंचायतीसमोरच्या त्या सभेत पुढेच बसले होते. मी तेव्हा गावात नव्हते. हे सगळं त्यांनी मला नंतर सांगितलं, पुष्कळदा सांगितलं, आणि मला वाटायचं ते कापसाबद्दल बोलताहेत.

माझी आणि त्याची ओळख शकुंतलेत झाली. यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी ती नॅरोगेज गाडी, 113 किलोमीटरची वाट. इंग्रजांच्या काळात वऱ्हाडातला कापूस बाहेर न्यायला हा मार्ग घातला. आमच्या वेळी तिच्यात कापूस नसायचा. कॉलेजची पोरं, बाजाराला निघालेल्या बाया, शेळ्या, मिरच्यांची पोती. ती इतकी सावकाश जायची की खिडकीतून पऱ्हाटीच्या ओळी मोजता यायच्या. फाटक आलं की गाडी थांबायची, गाडीवरचाच माणूस उतरून ते लावायचा, आणि गाडी पार झाली की पुन्हा थांबून, फाटक उघडून तो वर चढायचा. आम्ही शिकत होतो यवतमाळला. मी दारव्ह्याला उतरायचे, तो पुढे कारंज्याकडे जायचा. यवतमाळ ते दारव्हा हा प्रवास एसटीनं कितीतरी लवकर झाला असता. आम्ही एसटीनं कधी गेलो नाही.

ती गाडी आता बंद आहे. रूळ गवतात बुडालेत. मला तिकडून जाताना अजून बरं वाटत नाही.

आमचं लग्न 2006 मध्ये झालं. दोन्ही घरांनी थोडं ओढून धरलं, मग सोडलं. नागपूरला संसार मांडला. 2016 पासून आम्ही वेगळे राहू लागलो. मधल्या दहा वर्षांत काय बिनसलं ते मी इथे उलगडणार नाही. त्यातलं निम्मं त्याचं आहे आणि ते सांगायचा हक्क मला नाही. एवढंच लिहीन की कोणी कोणावर हात उचलला नाही, तिसरं माणूस नव्हतं, पैशाचं भांडण नव्हतं. बोंड बाहेरून शाबूत होतं. नातेवाईकांना कळलं तेव्हा ते हादरले, कारण त्याच्या आदल्याच महिन्यात आम्ही एका मुंजीत शेजारी बसून जेवलो होतो आणि त्यानं माझ्या पानात जिलेबी वाढली होती.

जून 2018 मध्ये आम्ही दोघांनी मिळून अर्ज केला. परस्परसंमतीनं घटस्फोट घ्यायची सोय हिंदू विवाह कायद्यात 1976 साली आली. वर्षभर वेगळं राहिलेल्या नवरा-बायकोनं एकत्र अर्ज करायचा, मग सहा महिने थांबायचं, आणि पुन्हा कोर्टापुढे उभं राहून सांगायचं की आमचं म्हणणं तेच आहे. सहा महिन्यांच्या आधी नाही, अठरा महिन्यांच्या पुढे नाही. माणसं रागाच्या भरात आली असतील तर त्यांना विचाराला वेळ मिळावा हा हेतू. मात्र 2017 मध्येच सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की ही अट दगडावरची रेघ नाही. दोघं दीड वर्षाहून जास्त वेगळे राहिले असतील, तडजोडीचे प्रयत्न होऊन गेले असतील, देण्याघेण्याचं मिटलं असेल, तर कोर्ट ती माफ करू शकतं. आमचं सगळं त्यात बसत होतं. वकीलबाईंनी विचारलं, "माफीचा अर्ज जोडायचा ना? कशाला उगाच डिसेंबरपर्यंत टांगून राहायचं?"

तो म्हणाला, "तुला जसं योग्य वाटेल तसं."

मी म्हणाले, "नको. नियमानं होऊ द्या."

वकीलबाईंनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. नियमाबद्दल मला एवढी आस्था का, हे त्यांना कळलं असावं. मला सहा महिने हवे होते. माझ्या हाती विहीर होती, विहिरीत पाणी होतं.

मी नागपूरच्या शिकवण्या बंद केल्या आणि गावी आले. ज्या आठवड्यात अर्ज दाखल झाला त्याच आठवड्यात मृग बरसला आणि बाबांनी सरकी टोबली. तेव्हा हा योगायोग लक्षात आला नव्हता. पुढे डवरणीच्या वेळी, निंदणाच्या वेळी, फवारणीच्या वेळी मी तारखा मोजायचे आणि त्या पिकाबरोबर चालायच्या. आषाढात झाडाला चार पानं, माझा एक महिना सरला. पोळ्याला पात्या, तीन महिने होत आले.

त्या सहा महिन्यांत मी काय करत होते ते मोकळेपणानं सांगते. रात्री सगळे झोपले की मोबाइल घेऊन गच्चीवर जायचे. आमच्या गावात रेंज तिथेच मिळते. त्याचं नाव उघडायचं आणि तो शेवटचा ऑनलाइन कधी होता ते बघायचं. रात्री 11:40. म्हणजे जागा होता. का जागा होता? कधी मी एखादा निरोप पाठवायचे, अगदी कामाचा: गॅसच्या पुस्तिकेवर कोणाचं नाव आहे, बँकेचं ते खातं बंद झालं का. तो नीट, सभ्यपणे उत्तर द्यायचा. एकदा त्यानं विचारलं, 'बाबांचा गुडघा कसा आहे?' त्या चार शब्दांवर माझे पंधरा दिवस गेले. एवढ्याशा ओलीवर माझ्यात काय काय पालवायचं! मी मनात त्याच्याशी बोलायचे, भांडायचे, समेट करायचे, नागपूरच्या घराला नवे पडदे लावायचे. सकाळी उठले की डोळे जड, जीव थकलेला, पण हिरवा.

आईला काही विचारायची हिंमत झाली नाही. मोठ्या मायनं विचारलं.

मोठी माय म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. मोठे बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. तीच आता घरातली सगळ्यांत मोठी. पहिल्या वेचणीच्या दिवशी आमच्याकडे सीतादही करतात. वावरात एका झाडाची पूजा, दहीभाताचा नैवेद्य, मग बाया ओळी धरतात. पूजा मोठी मायच करते. त्या वर्षी पूजा आटोपल्यावर तिनं मला स्वतःच्या शेजारची ओळ दिली. कमरेला फडकं बांधून आम्ही वेचायला लागलो. वेचणीला सवयीचा हात लागतो. बोंडाची वाळलेली टोकं बोटांना टोचतात, आणि ती टाळत रुई एकाच ओढीत काढावी लागते. तिचं फडकं भरत आलं तरी माझं तळाशीच होतं.

"राती गच्चीवर कोनाशी बोलत असतं व?" तिनं मान वर न करता विचारलं.

"कोणाशी नाही."

"मंग चांगलं नाई. कोनाशी बोलली असती तं बरं होतं."

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग तिनं तिची गोष्ट सांगितली. माझं वय तेव्हा सदतीस होतं आणि मी ती पहिल्यांदा ऐकत होते. घरात सगळ्यांना माहीत होतं की मोठ्या मायचा मोठ्या बाबांशी पाट लागला होता. म्हणजे तिचं आधी एक लग्न झालेलं होतं. पण त्या लग्नाबद्दल कोणी बोलायचं नाही.

तिचं पहिलं सासर वर्धा नदीपलीकडचं. पंधराव्या वर्षी दिली. तीन वर्षं झाली, पोर झालं नाही. बहात्तरच्या दुष्काळात, घरी खायची तोंडं जड झाली तेव्हा, तिला माहेरी आणून घातली. पंच बसले. आपल्या भाषेत घटस्फोटाला काडीमोड म्हणतात, पण ती काडी खरोखर मोडतात हे मी कधी मनावर घेतलं नव्हतं. तिच्यासमोर मोडली होती. गवताची काडी, दोन तुकडे. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानंही रूढीनं चालत आलेला असा काडीमोड मान्य ठेवला आहे. हे तिला माहीत असायचं कारण नव्हतं, तिला आवाज आठवत होता.

"एवढीशी काडी," ती म्हणाली, "तिचा काय आवाज होनार? पन मले आला."

"आणि तो?"

"त्याचे हात कापत होते. मी पाह्यले ना."

मला एकदम आशा वाटली. कोणाबद्दल, कशाची, पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या त्या थरथरत्या हातांशी माझा काय संबंध! तरीही मी विचारलं, "मग?"

"मंग काय? कापत होते तरी मोडलीच ना त्यानं."

ती ओळीच्या टोकाला पोचली, फडक्यातला कापूस ढिगावर रिकामा केला, पाणी प्यायली आणि परत आली. माझ्याच ओळीला दुसऱ्या बाजूनं लागली, म्हणजे आम्ही समोरासमोर आलो.

"वरीसभर मी दर बाजारी जाऊन रायली. आमच्या बाजाराले त्या गावचे लोकं येत. कोनी दिसलं का मी इचारो, काय व, कसे हायेत सारे? त्याचं नाव नाई घेऊ. सारे म्हनो. कोनी म्हने बरे हायेत, कोनी म्हने म्हस व्याली. तेवढं आयकून घरी यावं आन् आठ दिवस त्याच्यावर काढावे. म्हस व्याली तं खरवस कोनाले देल्ला असन, त्यानं खाल्ला असन का. असं."

मी वेचणं थांबवलं होतं. गुडघ्याच्या चौकशीवर काढलेले पंधरा दिवस माझ्यासमोर उभे होते.

"मंग एका बाजाराले मी गेली. मिरच्या घेतल्या, मीठ घेतलं, मायसाठी चुना घेतला. घरी आली. सारं काढून ठेवलं. आन् चुलीपुढं बसल्यावर ध्यानात आलं का आज आपुन कोनाले इचारलंच नाई. त्या गावची बाई तं दिसली होती, बांगड्याच्या दुकानापाशी. मी तिले पाह्यलं आन् पुढं आली."

"मग बरं वाटलं?"

तिनं विचार केला. "नाई," ती म्हणाली. "लय रडली त्या दिवशी. पयल्यांदा खरी रडली."

पाट त्यानंतर दोन वर्षांनी लागला. रात्रीचा, वाजंत्रीशिवाय, घरातल्या चार माणसांत. पाट म्हणजे लग्नाहून कमी, असं मानायचे. त्या कमी मानलेल्या नात्यात मोठ्या बाबांनी तिला एकतीस वर्षं जपलं. तिला दोन मुलं झाली. ते सगळं मी पाहिलेलं आहे, त्याबद्दल ती काही बोलली नाही आणि बोलायची गरजही नव्हती.

लहानपणी आजी आम्हाला नळ-दमयंतीची गोष्ट सांगायची. ती आमच्याच मुलखाची लेक. वर्धेच्या काठचं कौंडिण्यपूर सगळे रुक्मिणीचं माहेर म्हणून ओळखतात, पण विदर्भाची ती जुनी राजधानी दमयंतीचंही माहेर. नळ सगळं हरलेला, दोघांच्या अंगावर मिळून एकच वस्त्र. ती रानात झोपलेली असताना तो ते वस्त्र कापतो, अर्धं स्वतः घेतो आणि निघून जातो. जाताना पुन्हा पुन्हा मागे वळतो. दमयंती भटकत शेवटी माहेरी येते, तिथून त्याचा शोध घेते, आणि तो परत मिळतो. ही गोष्ट माझ्या हाडात मुरलेली होती. मीही माहेरी आले होते, मीही खुणा शोधत होते. मागे वळून पाहणारा नळ आजी इतका रंगवून सांगायची की मला फक्त ते वळणंच आठवत राहिलं. अर्ध्या वस्त्रानं ती जागी झाली तेव्हा तिनं काय केलं असेल, थंडी वाजली असेल का, हे मी कधी विचारलं नाही. नळ परत आला म्हणून ती गोष्ट टिकली. ज्यांचा आला नाही त्यांच्या गोष्टी मोठ्या मायसारख्या, वेचणीच्या ओळीत एकदाच सांगितलेल्या.

म्हणून त्या दिवसापासून मी बदलले असं नाही. गच्चीवर जाणं चालूच होतं. फक्त आता जिना चढताना मला माहीत असायचं की मी कुठे चाललेय.

डिसेंबरात तारीख लागली. तो माझ्या आधी येऊन बाकावर बसला होता. पांढरा शर्ट, वजन थोडं उतरलेलं. आम्ही शेजारी बसलो. त्यानं बाटली पुढे केली, मी पाणी प्यायले. आमचा पुकारा झाला. न्यायाधीशांनी विचारलं, अर्जावर कायम आहात का, कोणाचा दबाव आहे का. तो म्हणाला, "कायम आहे." त्याचा आवाज किंचित कापला. मी तो ऐकला. सहा महिन्यांपूर्वी त्या एका कापऱ्या आवाजावर मी वर्ष काढलं असतं.

"कायम आहे," मी म्हणाले.

बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, स्टँडपर्यंत सोडू का. मी म्हणाले, बाबा आलेत. बाबा खरंच आले होते. कोर्टाच्या आवारातल्या कडुनिंबाखाली, हातात पिशवी घेऊन, सकाळपासून उभे होते. पिशवीत आईनं दिलेली ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी होती. आम्ही दोघांनी ती एसटीत खाल्ली. दारव्हा येईपर्यंत बाबा एकच वाक्य बोलले. "सोमवारपासून पऱ्हाटी काढतो. मजूर कमी हायेत."

मी म्हणाले, "मी येते."

तर त्या सोमवारी मी धुऱ्यावर होते. थोड्या वेळानं उठले आणि बाबांच्या हातातून चिमटा घेतला. पहिली दोन झाडं तुटली, मुळं आत राहिली. "खाली धर, बाई," बाबा म्हणाले. "बुडाशी." तिसरं झाड आलं. त्याच्यावर एक डोमकळी होती. मी ती उकलून पाहिली. आत तो बारीकसा जीव होता. बाबांनी एक किडकं बोंडही फोडून दाखवलं. आत दोन सरक्या एकमेकींना घट्ट चिकटलेल्या. ही अळी कधी कधी दोन सरक्या रेशमासारख्या धाग्यानं जोडून घेते आणि त्यांच्या पोकळीत महिनोन्महिने झोपून राहते, पुढच्या हंगामाची वाट बघत. "दिसते का?" बाबांनी विचारलं. मला दिसत होतं. दोन बिया, इतक्या जवळ की एकच वाटाव्यात, आणि त्यांच्यापासून काहीही उगवणार नव्हतं.

तीन दिवस लागले. मग मेंढ्यांचा कळप आला, त्यानं राहिलेली पानं-बोंडं खाऊन साफ केली. पऱ्हाटीचा ढीग दरवर्षी सरपणाला ठेवायचो, त्या वर्षी यंत्र आणून बारीक करून टाकला. आई हळहळली. चुलीला पऱ्हाटीसारखं जळण नाही.

मग आले ते महिने, ज्यांच्याबद्दल लिहायला फारसं काही नाही. फेब्रुवारी, मार्च. वावर नुसतं काळं. नांगरट झाली, ढेकळं पडली, उन्हानं जमिनीला भेगा गेल्या. बांधावर पळस फुलला आणि झडला. मी नंबर पुसून टाकला नाही, गच्चीवर जाणं मात्र कमी झालं. कधी जायचे, कधी झोप लागून जायची. एप्रिलमध्ये मामा एक स्थळ घेऊन आले. अमरावतीकडचे, बायको वारलेली, नोकरी पक्की, माणूस चांगला. आई कपबशी हातात धरून उभी राहिली, बाबा माझ्याकडे पाहत होते. मला नाही म्हणता येईना, हो म्हणता येईना.

मोठी माय पाटावर तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "भाऊ, घाई नका करू. तापू द्या अजून."

मामांना कळलं नाही. बाबांना कळलं. त्यांनी विषय बदलला आणि मामांना आंब्याच्या भावाचं विचारलं.

मे महिन्यात आम्ही अंगणात खाटा टाकून झोपायचो. दिव्याभोवती पाखरं यायची, बारीक, मातकट रंगाची. त्यांत गुलाबी अळीचे पतंग होते की दुसरेच कोणते, मला ओळखता यायचं नाही. बाबा सांगायचे की जमिनीत नाहीतर पऱ्हाटीत झोपलेली अळी उन्हाळ्यात पतंग होऊन निघते, कापूस शोधते. वावरात कापूस नसला तर अंडी घालायला जागा मिळत नाही आणि थोड्याच दिवसांत मरून जाते. म्हणून एक जूनच्या आधी सरकी टोबायची नाही. मी खाटेवर पडून ती पाखरं बघायचे. किती लांबून येत असतील, कशाच्या वासावर. मला त्यांची दया यायची, आणि दया आली तरी दिवा मालवून मी झोपायचे. सकाळी मोठी माय अंगण झाडताना त्यांचे पंख केरात दिसायचे.

बाजार आमच्याकडे बुधवारी. त्या बुधवारी मोठ्या मायचे गुडघे दुखत होते म्हणून पिशवी मी घेतली. ऊन चढायच्या आत निघाले. वांगी घेतली, हिरव्या मिरच्या, सांबार म्हणजे कोथिंबीर, लसूण. मिठाचा पुडा घेतला. मृग जवळ आला होता, बियाण्याच्या दुकानापुढे गर्दी होती, आमच्या वावरात औंदा काय टाकायचं म्हणून बाबांनी भाव विचारायला सांगितलं होतं, ते विचारले. एसटीच्या थांब्यावर त्याच्या गावाकडची गाडी उभी होती. तिच्या मागून वळून मी आपल्या गावाची जीप धरली.

घरी आल्यावर एकेक वस्तू काढून ठेवत होते. मोठी माय चुलीपाशी बसून बघत होती. पिशवी रिकामी झाली तरी ती बघतच राहिली, पिशवीकडे नाही, माझ्याकडे.

"काई इसरली का?" तिनं विचारलं.

मी पिशवी उलटी करून झटकली. लसणाची दोन सालं खाली पडली.

"गूळ," मी म्हणाले.